गोळ्या कुणाकडे ठेवायच्या

हिंजवडीतल्या ज्या कॉल सेंटरमध्ये मी नोकरीला लागले, तिथे आमचा दिवस संध्याकाळी सुरू व्हायचा. मारुंजीच्या कोपऱ्यावर कंपनीची सुमो यायची. रात्रभर परदेशातल्या लोकांच्या क्रेडिट कार्डांच्या तक्रारी ऐकायच्या आणि उजाडल्यावर तीच सुमो परत आणून सोडायची. मी बावीस वर्षांची होते. परभणीकडच्या एका तालुक्याच्या गावातून बीकॉम करून आले होते, आणि आमच्या गल्लीतून पुण्याला नोकरीला आलेली मी पहिलीच मुलगी होते. याचा घरी फार अभिमान होता. बाबा लोकांना सांगायचे, पोरगी इंग्रजीत बोलते आणि त्याचाच पगार घेते.

मारुंजीत एका शेतकऱ्याने जमिनीच्या पैशांतून नवी इमारत बांधली होती. तिच्या वरच्या मजल्यावर आम्ही तिघी एका खोलीत राहायचो. बाकीच्या दोघी सॉफ्टवेअर कंपनीत, दिवसपाळीला. मी आत शिरायचे तेव्हा त्या निघालेल्या असायच्या. दोरीवर त्यांचे ओले टॉवेल, ओट्यावर चहाचं पातेलं, आरशाला चिकटवलेली टिकली, एवढीच आमची ओळख. रविवारी भेट व्हायची, पण रविवारी मला झोप काढायची असायची.

आणि झोपच येत नव्हती. खिडकीला चादर लावली तरी ऊन आत यायचं. समोर दुसऱ्या इमारतीचं काम चालू होतं, खडी ओतल्याचा आवाज दिवसभर. रात्रभर कानात असलेले आवाज डोळे मिटले की परत सुरू व्हायचे. वाकडच्या एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या, थोड्या दिवसांसाठी म्हणून. पहिल्या दिवशी गोळी घेतली आणि दुपार कशी गेली ते कळलंच नाही. उठले तेव्हा वाटलं, इतकं सोपं होतं तर इतके दिवस आपण का तळमळत होतो.

नाक्यावरच्या मेडिकलवाल्याने पहिल्यांदा चिठ्ठी पाहिली, दुसऱ्यांदा चेहरा पाहिला, त्यानंतर काहीच पाहिलं नाही. मी दिसले की तो पाकीट काढून ठेवायचा. एका गोळीने भागेना म्हणून दोन घेऊ लागले. मग कामावर जायच्या आधी हात थरथरतात म्हणून संध्याकाळीही एक. हे सगळं इतकं हळू झालं की त्यातला कुठला दिवस वेगळा काढून दाखवता येणार नाही. दारू पिणाऱ्या माणसाचा वास येतो, तो पडतो, शिव्या देतो. माझ्याकडे बघून कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं. मी वेळेवर जायचे, भाडं वेळेवर द्यायचे, घरी पैसे पाठवायचे. बोलताना शब्द विसरायचे तेवढंच.

एकदा फोनवर गिऱ्हाईक बोलत असताना माझा डोळा लागला. कॉल रेकॉर्ड होत असत. टीम लीडरने मला आत बोलावून ते रेकॉर्डिंग ऐकवलं. तिकडून एक म्हातारी बाई "हॅलो, हॅलो" करत होती आणि इकडून नुसता माझा श्वास. मला इतकी लाज वाटली की त्याच दिवशी उरलेली सगळी पाकिटं मी कचऱ्यात टाकली. आपलं आपण बंद करू असं ठरवलं. दोन-तीन दिवस घाम, धडधड, अंगाला मुंग्या. मग कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ताट घेऊन उभी असताना फिट आली. मला त्यातलं काही आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा जीभ चावलेली होती आणि कुणीतरी चपला काढून बाजूला नीट ठेवल्या होत्या.

तिथून मला पुण्यातल्या एका हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला खोदून खोदून विचारलं आणि शेवटी व्यसनमुक्तीच्या ओपीडीत यायला सांगितलं. व्यसन हा शब्द माझ्याबद्दल वापरलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

ओपीडीच्या बाकांवर बहुतेक दारूचे पेशंट होते, आणि प्रत्येकाच्या शेजारी बायको, आई नाहीतर भाऊ. केसपेपर घेणाऱ्या बाईंनी मला विचारलं, "पेशंट कुठाय?"

"मीच आहे."

"तसं नाही, पेशंट, पेशंट. मिस्टर आत गेलेत का?"

"मीच पेशंट आहे," मी पुन्हा म्हणाले. त्यांनी वर पाहिलं आणि मग नाव लिहून घेतलं. शेजारच्या बाकावरची बाई जरा सरकून बसली. जागा करून द्यायला सरकली की दूर सरकली, ते मला समजलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी सरळ भाषेत सांगितलं, "या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात, फिट त्यामुळेच आली. हळूहळू कमी करत आणायच्या. बरेच महिने लागतील. त्याला दोन वाटा आहेत. एक म्हणजे तुम्ही राहता तिथेच राहायचं, नोकरी चालू ठेवायची, दर आठवड्याला इथं यायचं. मी आठवड्यापुरत्याच गोळ्या देईन आणि बघत बघत कमी करीन. दुसरी म्हणजे काही आठवडे दाखल व्हायचं. पौडच्या पुढे एक केंद्र आहे. बऱ्याच ठिकाणी फक्त पुरुषांना घेतात, तिथे बायकांसाठी वेगळं घर आहे."

"तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"तुमचं वय, तुमची नोकरी, हे बघता आधी बाहेरून करून बघू म्हणाले असते. पण त्याला एक अट आहे. गोळ्या तुमच्या ताब्यात नकोत. दुसऱ्या माणसानं रोजची रोज द्यायच्या. घरी कोण असतं तुमच्याबरोबर?"

मी खोलीतल्या दोघींचा विचार केला. त्यातल्या एकीचं आडनावसुद्धा मला माहीत नव्हतं.

"आहे," मी म्हणाले. "घरमालकीण आहे."

दाखल होण्याची मला तेव्हा फार धास्ती होती. तिथे नातेवाइकाची सही लागणार होती, म्हणजे घरी सांगावं लागणार. सुट्टी मागावी लागणार, म्हणजे कंपनीत सांगावं लागणार. त्यापेक्षा काकूंना सांगणं सोपं होतं.

घरमालकीणबाईंना सगळे भाडेकरू काकू म्हणायचे. पन्नाशीच्या असतील. जमीन गेली तरी त्यांनी इमारतीच्या मागे पत्र्याच्या गोठ्यात दोन म्हशी ठेवल्या होत्या. नवऱ्याने नवी जीप घेतली होती आणि तो दिवसभर एजंट लोकांत बसलेला असायचा. मुलाचा टेम्पो होता. काकू म्हशींचं करायच्या आणि राहिलेला वेळ जिन्याच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारसायकली बघायच्या.

मी सकाळी सुमोतून उतरून थेट गोठ्याकडे गेले आणि सगळं सांगितलं.

"कसल्या गोळ्या म्हनालीस?"

"झोपेच्या. रोज सकाळी मी आले की ठरलेली तेवढीच द्यायची. मी जास्त मागितली तरी द्यायची नाही."

"मागशील व्हय तू जास्त?"

"मागीन."

काकूंनी शेणाचे हात पाण्यात बुडवून धुतले, पदराला पुसले. "मग न्हाई देनार. त्यात काय येवढं."

"कुणाला सांगू नका, काकू."

"कुनाला सांगू? हितं माजं ऐकायला कोन हाय?"

पुढचे काही आठवडे असे गेले. सकाळी मी मागच्या दाराशी जायचे, काकू कोनाड्यातून पाकीट काढून त्यातलं मोजकं माझ्या तळहातावर ठेवायच्या, तांब्यातून पाणी द्यायच्या आणि मी गिळेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. कधी चहा द्यायच्या. कधी लेकीचं सांगायच्या. लेक मावळात दिलेली होती, तिला दिवस गेले होते. मी फार बोलायचे नाही. पण दिवसभरात माझ्या तोंडाकडे बघणारं ते एकच माणूस होतं आणि सुमोत बसल्या बसल्या मी त्या पायरीची वाट बघायला लागले होते.

एकदा मी जास्त मागितलीच. रात्रीपासून छातीत धडधडत होतं. आज एवढी एक द्या, उद्या एक कमी घेईन, म्हणाले.

"न्हाई."

"काकू, माझ्या पैशांच्या आहेत त्या."

"तुज्याच हायेत. मी कुटं खातीया? जा, वर जाऊन पड."

मी त्यांना बरंच वाईट बोलले. त्या गोठ्यात निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काही झालंच नाही अशा रीतीने तांब्या घेऊन उभ्या होत्या. दर आठवड्याला मी सुट्टीच्या दिवशी पुण्याला जायचे, बाकावर एकटी बसायचे. डॉक्टरीणबाई गोळी थोडी कमी करायच्या. चाललं होतं.

मग एका दुपारी काकूंनी दार वाजवून मला उठवलं. त्या नवं लुगडं नेसल्या होत्या, हातात पिशवी होती.

"लेकीचं शिझर झालंय. बाळ काचेत ठिवलंय. मला जावं लागतंय, कवा यीन सांगता येत न्हाई. तुज्या गोळ्या सूनंकडं दिऊ का?"

सून स्वभावाने चांगली होती, पण नळावर तिचं तोंड थांबत नसे. मी नको म्हणाले.

"मग कुनाकडं दिऊ?"

मला दुसरं कुणी आठवेना. त्या थोडा वेळ पाकीट हातात धरून दारात उभ्या राहिल्या. मुलाने खालून टेम्पोचा हॉर्न वाजवला. त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "तुजी तू सांभाळ बाय."

आठवडाभराच्या गोळ्या होत्या. त्या तीन-चार दिवसांत संपल्या, आणि नंतर मी नाक्यावरच्या मेडिकलकडे गेले. त्याने काही न विचारता पाकीट काढून ठेवलं.

पुढच्या ओपीडीला मी ते सांगितलं. मला वाटलं डॉक्टरीणबाई रागावतील. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"घरात माणूस होतं तोवर चाललं ना? म्हणजे वाट चुकीची नव्हती. आता माणूस नाही. गावाकडे कुणी आहे, जे इथे येऊन तुमच्याजवळ राहील?"

"नाही."

"मग दाखल व्हा असं माझं मत आहे. तुमच्यावर जबरदस्ती नाही. पण या गोळ्यांशी खोलीत एकटीनं झगडू नका. पुन्हा फिट आली तर बघायला कुणी नसेल."

मी त्या दिवशी हॉस्पिटलच्या आवारातल्या झाडाखाली बसून दादाला फोन लावला. दादा माझा मोठा भाऊ, परभणीत लाइटच्या ऑफिसात. त्याला मी सगळं सांगितलं.

"सही करायला येशील का?" मी विचारलं.

"येतो," तो म्हणाला. "आईला काय सांगू?"

"ट्रेनिंग आहे म्हण. तिथे फोन लागत नाही म्हण."

तो आला. चांदणी चौकातून आम्ही एसटीने निघालो. भूगाव गेलं, पिरंगुट गेलं. तो माझी बॅग मांडीवर घेऊन बसला होता, खाली ठेव म्हटलं तरी ठेवत नव्हता. पौडच्या स्टँडवर उतरून आम्ही पुढच्या गाडीची वाट बघत वडापाव खाल्ला. तिथे तहसीलला कामाला आलेली माणसं सातबारे घेऊन बसली होती. दादा त्यांच्याकडे बघत म्हणाला, "हे दारूसारखंच असतंय का?"

"डॉक्टर म्हणतात तसंच असतं."

"पण तुझ्याकडं बघून काहीच कळंना गेलंय."

"नाही कळत."

"मला कळायला पाहिजे होतं," तो म्हणाला. मग उठून त्याने पाण्याची बाटली भरून आणली.

केंद्र रस्त्यापासून आत होतं. पुढे पुरुषांची लांबट बैठी इमारत आणि मागे बायकांचं घर, पत्र्याचं, समोर ओटा. ओट्यावरून खाली धरणाच्या पाण्याची एक पट्टी दिसायची. तिथल्या समुपदेशक ताईंनी माझा मोबाइल घेऊन कपाटात ठेवला. दादाने सही केली. त्याला पेन उघडता येत नव्हतं, टोपण फिरवायचं होतं आणि तो ओढत होता. जाताना त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. असं त्याने आधी कधी केलं नव्हतं.

बायकांच्या घरात तेव्हा मी आणि आणखी एकच मुलगी होती. आणि आमच्या सोबतीला वरच्या वाडीवरची एक मावशी, जी स्वयंपाक करायची आणि ओट्यावर झोपायची. ती मुलगी सतरा वर्षांची, बारावीत. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या प्यायची. तिला आजीला भेटायला जायचंय असं सांगून गाडीत बसवलं होतं आणि इथे आणून सोडलं होतं. ती सुरुवातीला कुणाशीच बोलत नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडायची.

सकाळी पुरुषांच्या प्रार्थनेचा आवाज यायचा. मग चहा, झाडलोट, ताईंबरोबर बसणं, जेवण, पुन्हा बसणं. गोळी ठरलेल्या वेळी खिडकीतून मिळायची. ती हळूहळू कमी होत होती आणि झोपही तिच्याबरोबर जात होती. मारुंजीत मी एकटी होते, पण तिथे कान भरलेले असायचे. इथे काहीच नव्हतं. दुपारी ओट्यावर बसलं की समोरचा डोंगर, वर जाणारी एक पायवाट, त्यावरून मोळी घेऊन उतरणारी बायका-माणसं. ती इकडे बघायची नाहीत. आमच्याबद्दल खालच्या गावात काय बोलतात ते मावशी सांगायची नाही, पण एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाली, "येड्यांचं घर म्हनत्यात. तू नगं मनावर घिऊ."

रविवारी भेटीचा दिवस असायचा. त्या मुलीचे आई-वडील दोघंही दर रविवारी यायचे. ती त्यांच्याशी भांडायची, ते ऐकून घ्यायचे. पुढे ताईंनी त्यांना सांगितलं, हिला आता घरी न्या. तुम्ही दोघं आहात, परीक्षा आहे, आठवड्याला ओपीडीत आणा, औषध कुलपात ठेवा. इथे ठेवून हिचा राग वाढतोय.

निघायच्या दिवशी ती पहिल्यांदाच माझ्याजवळ येऊन बसली.

"तुला न्यायला कुणी येत नाही का?"

"मला अजून जायचं नाही."

"असं कुणी असतं का," ती म्हणाली. तिला ते पटलं नव्हतं. गाडीत बसताना तिने हात हलवला. पुढे तिचं काय झालं ते मला कधी कळलं नाही. ताईंना विचारायचं धाडस झालं नाही.

तिच्यानंतर मागच्या घरात मी एकटीच राहिले. पुढच्या रविवारी मी ओट्यावर बसले होते, आणि फाटकातून दादा आत आला. त्याच्यामागे आई.

तिने माझ्या लग्नासाठी जपून ठेवलेली हिरवी साडी नेसली होती. हातात कापडी पिशवी. आयुष्यात पहिल्यांदाच ती औरंगाबादच्या पुढे आली होती. दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "खोटं बोलता येईना मला."

आई माझ्याजवळ बसली. माझे हात उलटेसुलटे करून बघितले, डोळ्यांच्या खाली बोट लावून बघितलं. पिशवीतून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली आणि ताईंना विचारलं, चालंल का. ताई हो म्हणाल्या. मी खात असताना ती बोलायला लागली.

"काय व्हायलंय तुला? झोप येत नाही, एवढंच ना? मग हितं कशाला राहायलीस? नोकरी सोड. घरी चल. माझ्याजवळ नीज. पंधरा दिवसांत नीट होशील."

"आई, तसं नसतं ते."

"तू काय दारू पेलीस का बाई? गोळ्या तर डॉक्टरनंच दिल्या. ही माणसं बघ की समोरची. ह्या लोकांत तू कशाला?"

"इथले डॉक्टर हळूहळू कमी करतायत."

"मी करते की कमी. माझ्यापाशी दे गोळ्या. मी देत जाईन. तुझ्या बाबाला बीपीची गोळी कोण देतंय रोज?"

ताईंनी मला आत बोलावलं आणि दार लावून विचारलं, "तुम्हाला काय करायचंय? आई जबाबदार आहेत. घरी राहून तिकडच्या ओपीडीतही होऊ शकतं. मी नाही म्हणणार नाही."

मला घरी जायचं होतं. आईच्या अंगाला येणारा चुलीचा आणि खोबरेल तेलाचा वास त्या खोलीपर्यंत आला होता. पण मला आमचं घर माहीत होतं. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला बाबांचा मित्र, आमच्याकडून कुणीही गेलं तर चिठ्ठी मागणार नाही. आणि मला माझी आई माहीत होती. लहानपणी तापात मी रडायला लागले की डॉक्टरांनी नको म्हटलेला आइसकांडीचा तुकडा ती पदराखालून आणून द्यायची. एखाद्या दुपारी मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले असते आणि तिने पदराची गाठ सोडून गोळी दिली असती. काकूंना 'नाही' म्हणता आलं, कारण मी त्यांची कुणी नव्हते.

मी ताईंना म्हणाले, इथेच राहते. मग बाहेर येऊन आईला तेच सांगितलं. हे तिला समजावून सांगता आलं नाही. तुझ्या मायेची भीती वाटते, असं आईला कोणत्या शब्दांत सांगणार?

आत जाऊन तिने माझ्या कॉटवरची चादर झटकली, पुन्हा घातली, चारी बाजू गादीखाली नीट खोचल्या. मग बाहेर येऊन चपला घातल्या. फाटकाशी माझ्याकडे न वळता म्हणाली, "मग मी कशाला आहे?"

दादा तिला धरून रस्त्याकडे घेऊन गेला. एसटी यायला वेळ होता. मी ओट्यावरून त्या दोघांना रस्त्याच्या कडेला उभं असलेलं बघत होते, लांबून हिरवी साडी तेवढी दिसत होती. गाडी आली, थांबली, आणि निघून गेल्यावर तिथे कुणी नव्हतं. मावशीने मला भाकरीच्या पिठाला हात लावायला बोलावलं. मी गेले. दोघींनी मिळून पुढच्या इमारतीसाठी भाकऱ्या थापल्या.

मी तिथून निघाले तेव्हा गोळ्या पूर्ण सुटल्या नव्हत्या, पण अगदी थोड्यावर आल्या होत्या. नोकरी गेली होती. मारुंजीला सामान आणायला गेले, तर काकू परत आल्या होत्या. बाळ जगलं होतं. "तुजी जागा मी दुसरीला दिली," त्या म्हणाल्या, "लई दिस वाट बगितली." माझी पेटी त्यांनी गोठ्याच्या माळ्यावर जपून ठेवली होती. तिला शेणाचा वास येत होता. मी आता बरी दिसतेय असं त्या म्हणाल्या आणि म्हशीला पाणी दाखवायला गेल्या.

महाळुंग्यात तेव्हा नव्या इमारती उठत होत्या. त्यातल्या एका साइटच्या ऑफिसात मला हिशोबाचं काम मिळालं. पगार कमी, पण दिवसाचं. एक खोली घेतली. राहिलेल्या गोळ्यांसाठी डॉक्टरीणबाईंनी वेगळी सोय केली. आठवड्याला एकदा नाही, दोनदा यायचं, आणि प्रत्येक वेळी तीन-चार दिवसांच्याच न्यायच्या. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी बसने जायचे, त्याच बाकावर बसायचे. पुढे पुढे नव्याने आलेल्या बायका मला विचारायच्या की केसपेपर कुठे काढायचा. असं वर्षभर चाललं असेल. मग एकदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता गोळी नाही. त्यानंतर काही महिने नुसत्या भेटी. आणि मग एके दिवशी म्हणाल्या, "आता यायची गरज नाही. वाटलंच तर या."

बाहेर येऊन मी दादाला फोन केला. तो कामात होता. संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा मी सांगितलं. "बरं झालं," तो म्हणाला. "आईला सांगतो." मग बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं बोलला.

आई दर रविवारी फोन करायची. जेवलीस का, पाऊस आहे का, भाजी काय केलीस. केंद्राबद्दल, त्या रविवारबद्दल आम्ही दोघी कधीच बोललो नाही. मी दिवाळीला गावी जायचे तेव्हा ती माझ्याजवळच निजायची, आणि मला जाग असली तर तिलाही असायची, पण कूस न बदलता दोघी पडून राहायचो.

दोन-तीन वर्षांनी ती महाळुंग्याला माझ्याकडे राहायला आली. पहिल्या दिवशी मी तिला घरात सोडून साइटवर गेले. संध्याकाळी आले तर खोली लख्ख होती. मांडणीवरचे डाळींचे, मसाल्यांचे डबे घासूनपुसून ठेवलेले, पण माझ्या क्रमाने नाहीत. कपाटातल्या साड्यांच्या घड्या नव्याने घातलेल्या. माझी जुनी पर्स दाराच्या खुंटीला नव्हती, खुर्चीवर होती, आणि तिच्या आतला कप्पा उघडा राहिला होता.

आई ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"लई धूळ बसली होती," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले. पर्सची चेन लावून मी ती खुंटीला अडकवली आणि दोघींचा चहा ठेवला.